यतीमाला सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

मोहाडीला माझी एक खाला राहते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तिचा दीर आणि जाऊ दोघंही गेले आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा तिच्या घरी आला. पहिला महिना नातेवाइकांची रीघ होती. कुणी धान्य आणलं, कुणी कपडे, कुणी जकातीचे पैसे. मग सगळे आपापल्या कामाला लागले. पोरगा मात्र उशीखाली रोटीचा तुकडा ठेवून झोपायचा. अॅम्ब्युलन्सचा आवाज आला की पलंगाखाली शिरायचा. खालाला बाजारातून यायला उशीर झाला तर तिला चावायचा. शेजारणी म्हणायच्या, "लाडानं बिघडवलंस." खाला मला एकदा म्हणाली, "खाणं तर सगळेच देतात बाबू. रात्री त्याच्यासंगं जागते कोन?"

हा प्रश्न मला इतिहासाकडे घेऊन गेला.

पैगंबर मुहम्मद (स.) जन्मापूर्वीच पितृहीन झाले होते, सहाव्या वर्षी आईही गेली. आपण जलशांमध्ये हे दरवर्षी ऐकतो. पण त्यांना वाढवणाऱ्यांबद्दल फार थोडं ऐकतो. दूध पाजणाऱ्या हलीमा, आईच्या पश्चात जपणाऱ्या उम्मे ऐमन, आजोबा अब्दुल मुत्तलिब, मग काका अबू तालिब. एक मूल वाढवायला इतकी माणसं लागली. सीरतच्या ग्रंथांत एक प्रसंग येतो. दुष्काळाच्या वर्षी हलीमा मक्केला आल्या, तेव्हा हजरत खदीजा यांनी त्यांना चाळीस मेंढ्या आणि एक उंट दिला. मुलाला सांभाळणारी बाई स्वतः अडचणीत आली, तर तिला मदत करायची असते, हे त्या घराला कळत होतं.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून काढला. भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. १८९७ मध्ये पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि अनाथ मुली, तरुण विधवा यांना सोबत घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. रमाबाई स्वतः दुष्काळाच्या लेक होत्या. १८७४ मध्ये, ऐन सोळाव्या वर्षाच्या आसपास, त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीत गेले होते. भुकेल्या मुलीच्या मनात काय चालतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

त्याच काळात अनाथ मुलं कुणाच्या धर्मात वाढणार यावरून देशभर ओढाताण झाली. मिशनऱ्यांनी अनाथालयं काढली, आर्य समाजानं काढली, आपल्या लोकांनी यतीमखाने काढले. प्रत्येकानं किती मुलं घेतली याची नोंद ठेवली. त्या मुलांसोबत रात्री कोण जागलं, याची नोंद क्वचितच सापडते.

याला एक मोठा अपवाद पुण्यात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८७४ मध्ये काशीबाई या विधवेचा मुलगा घरी वाढवायला घेतला. समाजानं जन्माआधीच नाकारलेलं ते मूल म्हणजे यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी आजारी मूल उचलून त्याच्याच दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञानं १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. त्यात त्यानं दाखवलं, की मुलाला अन्नाइतकीच एका कायमच्या, मायेच्या माणसाची गरज असते. म्हणजे तुकडा लपवणारा पोरगा चोर नाही, हट्टी नाही. जग पुन्हा कोसळेल म्हणून तो तयारीत आहे. चावणारा पोरगा विचारतो आहे, तूही जाणार का? याचं उत्तर एकदा देऊन भागत नाही, ते रोज द्यावं लागतं. आणि रोज देणारा माणूस थकतो.

मूल दत्तक घेऊन त्याचं वडिलांचं नाव पुसणं इस्लामला मान्य नाही. सूरह अहजाबचा आदेश स्पष्ट आहे. पण म्हणून वाट बंद नाही. मुलाचं नाव, वंश, वारसा तसाच ठेवून त्याला सांभाळायचं, याला कफाला म्हणतात. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, कलम २० मध्ये, कफालाचा नावानिशी उल्लेख आहे. आपल्या देशाच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातलं प्रतिपालकत्व याच्या बरंच जवळ जातं. त्यात बाल कल्याण समिती मूल एखाद्या कुटुंबाकडे सोपवते, पण मूल त्या कुटुंबाचं वारस होत नाही.

राज्याची बालसंगोपन योजना वर्षानुवर्षं महिना ४२५ रुपयांवर अडकली होती. कोविडनंतर ती ११०० झाली, २०२३ मध्ये २२५०. आता तिला सावित्रीबाईंचं नाव आहे. खालाने तुमसर रस्त्यावरून भंडाऱ्याला चार खेपा घातल्या, तेव्हा कागद पुरे झाले. हे पैसे मुलाच्या वह्या-कपड्यांना उपयोगी पडतात. पण तिच्या थकव्यावर त्यात तरतूद नाही.

ती आपण करू शकतो. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलाला आपल्या घरी ठेवा, म्हणजे तिला झोप मिळेल. पण दर आठवड्याला तेच घर असू द्या, नवी माणसं त्याला घाबरवतात. "बिघडवलंस" म्हणण्याऐवजी "आज कसा होता?" विचारा. त्याच्यासमोर "बिचारा यतीम" म्हणू नका. शाळेतल्या गुरुजींना आधीच सांगून ठेवा. मुलासाठी १०९८ आणि मन खचलं तर टेलिमानसचा १४४१६ हे दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. योजनेचा अर्ज भरताना कुणीतरी सोबत जा.

मागच्या ईदला मी मोहाडीला गेलो होतो. पोरगा आता अकरा वर्षांचा आहे. उशीखाली रोटी नव्हती. खालाच्या डोळ्यांखाली मात्र काळी वर्तुळं होती. मी तिच्यासाठी शिरखुर्म्याचं सामान घेऊन गेलो होतो. निघताना लक्षात आलं, की इतक्या वर्षांत तिला मी कधी विचारलंच नव्हतं, "खाला, तू कशी आहेस?"

त्या दिवशी विचारलं. ती बराच वेळ बोलत होती.