आठवड्याची एक पेनी : जॉन वेस्लीचे वर्ग आणि सवयींचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला साजेसा विषय शोधताना मला 'सवय' हा साधा शब्द पुनःपुन्हा आठवत राहिला. शाळा जितके ज्ञान देते, तितक्याच किंबहुना त्याहून अधिक सवयी लावते. घंटेला उठणे, वही नीट ठेवणे, खोटे न बोलणे या गोष्टी आपण येथे शिकलो, कारण येथे रोज कोणीतरी विचारणारे होते. शाळा सुटली की माणूस मोठा होतो आणि 'गृहपाठ केलास का?' हे विचारणारे कोणी उरत नाही. मग प्रौढ माणसाने स्वतःला वळण कसे लावावे? या प्रश्नाला अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी जे उत्तर शोधले, त्याचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. बेळगावकरांना 'मेथडिस्ट' हा शब्द परका नाही. येथे १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे काम सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते मेथडिस्ट मंडळीकडे आले. मात्र शब्द कानावरचा असला, तरी त्यामागची हकीकत फारशी कोणाला ठाऊक नसते.

वेस्लीचा जन्म १७०३ मध्ये एपवर्थ या खेड्यात, एका गरीब धर्मगुरूच्या घरी झाला. त्याची आई सुझाना हिला एकोणीस मुले झाली व त्यांतली बरीच लहानपणीच दगावली. घरकामाच्या रगाड्यातही तिने हयात मुलांसाठी आठवड्याच्या संध्याकाळी वाटून ठेवल्या होत्या. आज या मुलीशी एकांतात बोलायचे, उद्या त्या मुलाशी. जॉनच्या वाट्याला गुरुवार आला होता. पुढे ऑक्सफर्डमध्ये अध्यापक झाल्यावर, वयाच्या तिशीला टेकलेल्या या मुलाने आईला पत्र लिहून त्या गुरुवारच्या संध्याकाळचा थोडासा वेळ पुन्हा मागितला होता. माझ्या मते वेस्लीच्या पुढच्या सगळ्या व्यवस्थेचे बीज त्या गुरुवारात आहे. पण ते त्याच्या स्वतःच्या ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली.

तोवर तो दुसऱ्याच वाटेने चालला होता. १७२५ मध्ये, जेरेमी टेलर या धर्मपंडिताचे ग्रंथ वाचून, त्याने दैनंदिनी लिहायला आरंभ केला. ती सांकेतिक लिपीत होती. पुढे पुढे तो तासातासाचा हिशेब मांडू लागला : प्रार्थना किती झाली, मन किती एकाग्र होते, वेळ कोठे वाया गेला. १७२९ पासून त्याच्याभोवती चार-दोन विद्यार्थी जमले. ते एकत्र वाचन करीत, उपवास करीत, १७३० पासून तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जात. त्यांच्या या काटेकोर पद्धतीमुळेच इतर विद्यार्थ्यांनी त्यांना 'मेथडिस्ट', म्हणजे पद्धतवाले, असे हिणवले. १७३२ मध्ये त्यांच्यातला विल्यम मॉर्गन हा तरुण वारला आणि अतिरेकी उपवासांनीच तो गेला, अशी कुजबुज झाली. वेस्लीने ती साधार खोडून काढली. तरीही असा आरोप लोकांना खरा वाटावा, इतके ते वळण कठोर होते, हे विसरता येत नाही.

एवढे करून हाती काय लागले? १७३५ मध्ये वेस्ली अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत गेला, तेथील लोकांशी त्याचे बिनसले आणि १७३८ च्या आरंभी तो खचून परतला. वहीत स्वतःला रोज प्रश्न विचारणारा हा माणूस मनाने जागच्या जागीच होता. वहीला उत्तरे देणे सोपे असते. वही उलट बोलत नाही.

जाताना जहाजावर त्याला मोरेवियन पंथाचे जर्मन लोक भेटले होते. वादळात सगळे भयभीत झाले असता ते शांतपणे स्तोत्रे गात बसले, हे त्याच्या मनात घर करून राहिले. परतल्यावर त्यांच्याच संगतीत, २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका सभेत, त्याला ती अनुभूती आली, जिचा मेथडिस्ट लोक आजही स्मरणदिन पाळतात. पापक्षमा आपल्या कष्टाने मिळवायची नसून ती ख्रिस्ताकडून दान म्हणून मिळते, अशी त्याची खात्री पटली. हा श्रद्धेचा भाग वगळून पुढचा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. चुकलो तर संपलो, असे मानणारा माणूस आपली चूक चारचौघांत कधीच सांगणार नाही. क्षमा आधीच मिळाली आहे असे मानणारा मात्र ती सांगू शकतो.

त्याच वर्षीच्या नाताळात वेस्लीने छोट्या गटांसाठी नियम लिहिले. पाच-दहा जणांनी दर आठवड्याला भेटावे; स्त्रियांचे गट वेगळे, पुरुषांचे वेगळे. मागच्या भेटीनंतर आपल्या हातून कोणते पाप घडले, कोणता मोह झाला, त्यातून सुटका कशी झाली, हे प्रत्येकाने मोकळेपणाने सांगावे. गटात येऊ इच्छिणाऱ्याला आधीच विचारले जाई की, तुझे दोष तुला स्पष्ट सांगितलेले चालतील का? हे गट चालले, परंतु ते मूठभर उत्साही लोकांचे. ब्रिस्टलचे कोळसा-खाणकामगार, लंडनचे विणकर, जिनच्या गुत्त्यांत मजुरी उडवणारे हमाल यांना ही पायरी फार उंच होती.

त्यांच्यासाठीचा मार्ग निघाला तो एका कर्जातून. ब्रिस्टलमध्ये १७३९ साली 'न्यू रूम' नावाचे सभागृह बांधले गेले आणि त्याचे देणे वेस्लीच्या अंगावर आले. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी मंडळींतली प्रमुख माणसे या कर्जाचा विचार करायला बसली. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सुचवले की, प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणी म्हणाले, अनेकांना तेवढीही ऐपत नाही. त्यावर फॉय म्हणाला की, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमेल तो देईल, ज्याला जमणार नाही त्याचे मी भरीन. इतरांनीही तसेच अकरा-अकरा जण घेतले.

आपल्याकडील भिशी गोळा करणाऱ्याला घरोघरची बित्तंबातमी कळते, तसेच येथे झाले. पेनी मागायला गेलेल्या माणसाला दिसू लागले की, अमका पुन्हा पिऊन पडला आहे, तमक्याच्या घरी भांडण आहे, कोणी आजारी आहे. ही मंडळी ते वेस्लीला सांगू लागली आणि आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच, असे त्याला एकाएकी उमगले. मार्च महिन्यात लंडनमध्येही हीच व्यवस्था लागू झाली. सुमारे बारा जणांचा एक वर्ग आणि त्याचा एक प्रमुख. आपल्या शाळेच्या भाषेत वर्गनायक. प्रथम तो घरोघर जाई. पण नोकरांना त्यांचे धनी भेटू देत ना, आणि दोघांत गैरसमज असेल तर समोरासमोर बसल्याशिवाय तो मिटत नसे. म्हणून सर्वांनी एका ठिकाणी जमण्याचा प्रघात पडला. तासाभराची बैठक, प्रार्थना, गायन आणि प्रत्येकाची विचारपूस. दर तीन महिन्यांनी वेस्ली किंवा त्याचा साहाय्यक प्रत्येकाशी बोले आणि वळण राखणाऱ्याला एक छोटे तिकीट देई. वर्गनायकालाही सुटका नव्हती. त्याला दर आठवड्याला कारभाऱ्यांपुढे पैशांचा आणि माणसांचा हिशेब द्यावा लागे.

१७४३ मध्ये नियम छापले गेले. प्रवेशासाठी एकच अट होती : पापापासून सुटण्याची इच्छा. टिकून राहण्यासाठी मात्र ती इच्छा वागण्यातून दिसावी लागे. कोणाचे वाईट करू नये, होईल तेवढे भले करावे, उपासना चुकवू नये.

या व्यवस्थेचे खरे रूप मला नियमांपेक्षा एका यादीत दिसते. मार्च १७४३ मध्ये वेस्लीने न्यूकॅसलच्या मंडळीचा आढावा घेतला. ६४ जणांना काढून टाकले होते. त्यांत १७ दारूबाजीसाठी, २ दारू विकल्याबद्दल, २ शिवीगाळ करण्याबद्दल, २ रविवार न पाळल्याबद्दल, ३ मारामारी-भांडणांबद्दल, ३ सराईत खोटेपणाबद्दल, ४ निंदानालस्तीबद्दल, एक आळसाबद्दल आणि एक बायकोला मारल्याबद्दल. बायकोला मारणारा सबंध मंडळीत एकच होता, यावर विश्वास ठेवायला मन धजत नाही. इतरांचे बाहेर आले नसावे, इतकेच. उरलेले २९ जण मात्र केवळ उथळपणा आणि बेफिकिरी यांसाठी गेले. म्हणजे सर्वांत मोठा शत्रू दारू नव्हता, चालढकल होती.

त्याच नोंदीत आपण होऊन सोडून गेलेल्या ७६ जणांची कारणे आहेत. १४ जणांना आपल्या धर्मगुरूंनी प्रभुभोजन नाकारण्याची भीती होती. १२ जणांना आईवडिलांची मनाई, ९ जणांना नवऱ्याची वा बायकोची, ५ जणांना धन्याची. ९ जणांना लोकांचे हसणे सोसवेना. ३ जणांना गरिबांचा धर्मादाय बंद होण्याची धास्ती होती. दोघे अमुक एक इसम मंडळीत आहे म्हणून गेले, आणि एकाने सांगितले की, देवाची सेवा करायला अजून पुष्कळ वेळ आहे. अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी या यादीतील प्रत्येक जण आपल्या ओळखीचा वाटतो.

केवळ काढून टाकण्यावर कोणतीही मंडळी चालत नाही. वर्गात हात धरणेही होते. १७४६ मध्ये वेस्लीने सुमारे ३० पौंड जमवून लहान कर्जांचा निधी उभारला आणि वर्षभरात अडीचशे गरजूंना त्यातून मदत झाली. त्याच वर्षी, चहाचा खर्च वाचवून तो गरिबांना द्यावा या हेतूने त्याने स्वतः चहा सोडला, तेव्हा तीन दिवस त्याचे डोके दुखत राहिले. (पुढे तो पुन्हा चहा पिऊ लागला, हे चहाप्रेमींसाठी सांगून ठेवतो.) स्त्रियांनाही वर्गात नायकपण मिळाले. फेब्रुवारी १७६१ मध्ये डर्बी येथे सेरा क्रॉस्बी हिच्या वर्गाला सुमारे तीस माणसे येतील अशी अपेक्षा असता जवळजवळ दोनशे आली. प्रत्येकाची विचारपूस अशक्य झाल्याने तिने उभे राहून सर्वांना उद्देशून भाषण केले, आणि मेथडिस्टांतील स्त्री-उपदेशकांची परंपरा तेथून रुजू लागली. १७९१ मध्ये वेस्ली वारला तेव्हा ब्रिटनमध्ये सुमारे ७२ हजार माणसे अशा वर्गांतून बांधलेली होती.

आता दुसरी बाजू. दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावण्याचा हा अधिकार कोणी कोणाला दिला? हा आक्षेप त्या काळीही होता. बायबलमध्ये असे वर्ग कोठे सांगितले आहेत, असे विचारणाऱ्यांना वेस्लीने उत्तर दिले की, ही माणसाने सोयीसाठी केलेली योजना आहे, अधिक चांगली सापडली तर बदलू. हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. परंतु तो स्वतः नेहमीच त्याला जागला नाही. १७४८ मध्ये त्याने किंग्जवुड येथे शाळा काढली. मुलांनी पहाटे चारला उठायचे, खेळायचे कधीच नाही, आणि शिक्षकांच्या नजरेआड क्षणभरही जायचे नाही! मुले अर्थातच रोज खेळत, आणि वेस्ली म्हातारपणीही त्याची तक्रार करीत राहिला. ब्रिस्टलमध्ये शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारून जे साधले, ते येथे वरून नजर ठेवून साधले नाही. शिवाय, हजारोंना विचारणारा हा माणूस स्वतः कोणाला विचारीत असे? एकमेकांच्या संमतीवाचून लग्न करायचे नाही, असे त्याचे व धाकटा भाऊ चार्ल्स याचे ठरले होते. १७५१ मध्ये जॉनने भावाला केवळ आपला निश्चय कळवला आणि लग्न केले. तो संसार सुखाचा झाला नाही.

इतिहासकार ई. पी. टॉम्सन यांनी १९६३ मधील आपल्या गाजलेल्या ग्रंथात याच शिस्तीवर कठोर टीका केली : गिरणीच्या भोंग्याला वेळेवर हजर होणारा, निमूट राबणारा मजूर घडवण्यास तिने हातभार लावला. टॉम्सन यांचे वडील बंगालमध्ये मेथडिस्ट मिशनरी होते आणि ते स्वतः त्याच किंग्जवुड शाळेचे विद्यार्थी होते, तेव्हा हा घरचाच आहेर म्हणावा लागेल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते पुरे नाही. १८४० मध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट कामगारांनी आपली संघटना बांधली, तीही दहा-दहा जणांचे वर्ग, त्यांचे नायक आणि आठवड्याची पेनी याच धर्तीवर. एकमेकांना जाब द्यायला शिकलेली माणसे पुढे सरकारलाही जाब विचारू लागली.

हिंदुस्थानात ही पद्धत मुंबईत पोचली ती विल्यम टेलर या अमेरिकन धर्मोपदेशकाबरोबर. १८७१ च्या अखेरीस तो तेथे आला आणि त्याने प्रथम देऊळ न बांधता घराघरांतून सहवासाचे छोटे गट बांधले. त्यांतूनच १८७२ मध्ये तेथील मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. १८४८ पासून मुंबईच्या बाजारवस्तीत बिनपगारी, फकिरासारखा राहिलेला जॉर्ज बोवेन त्याला येऊन मिळाला. खुद्द इंग्लंडात आणि अमेरिकेत मात्र तोवर वर्गांना ओहोटी लागली होती. वर्गाची हजेरी ही सभासदत्वाची केवळ अट होऊन बसली, तिकीट म्हणजे वर्गणीची पावती झाली, आणि ठरावीक वाक्यांत पश्चात्ताप सांगण्याची सवय जडली. सवयी मोडण्यासाठी निघालेली गोष्ट स्वतःच सवय झाली.

सर्वांत झोंबरी टीका मात्र आतल्याच एका माणसाने केली. जेम्स लॅकिंग्टन हा सॉमरसेटचा चांभार, तरुणपणी मेथडिस्ट झालेला. १७७४ मध्ये त्याने लंडनमध्ये जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले आणि पुढच्या वर्षी वेस्लीच्या निधीतून पाच पौंड बिनव्याजी घेतले. त्या पाच पौंडांवर त्याचा जम बसला आणि पुढे तो लंडनमधला फार मोठा ग्रंथविक्रेता झाला. दरम्यान तो मंडळीतून बाहेर पडला. १७९१ साली, वेस्ली वारला त्याच वर्षी, त्याने आत्मचरित्र छापून वर्गातल्या लोकांच्या ढोंगाची यथेच्छ टर उडवली. पुस्तक खूप खपले. तेरा वर्षांनी, १८०४ मध्ये, त्याने दुसरे पुस्तक लिहून ती टवाळी मागे घेतली आणि आपण पुन्हा त्या लोकांकडे आलो आहोत, असे जाहीर केले. व्यापारातून निवृत्त झालेला हा गृहस्थ मग आपल्या पैशाने मेथडिस्टांसाठी प्रार्थनामंदिरे बांधीत राहिला, आणि १८१५ मध्ये वारला.