सोनखत ते हॉटेलचं ताट

पुण्यातल्या काही हॉटेलांत ‘आमच्याकडे सेंद्रिय भाजी’ अशी पाटी दिसते. सेंद्रिय म्हणजे हवामानालाही हितकारक, असं आपण धरून चालतो. इतिहास काय सांगतो ते पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे नगरपालिका शहरातला मैला राखेत मिसळून, वाळवून सोनखत करत असे. शेतकऱ्यांना आधी त्याची किळस वाटे. पण खडकवासल्याहून आलेल्या मुठा कालव्याखाली ऊस वाढला, तशी या खताला मागणी आली. शहरानं खाल्लेलं शेताकडे परत जात होतं.

१९१३ साली जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला. पुढे पोत्यातलं खत आपल्याकडेही आलं आणि हे वर्तुळ तुटलं. पुण्याचा ओला कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत साचला. हवेअभावी कुजताना त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो.

मग सेंद्रिय भाजी घेतली की झालं? रासायनिक खत बनवताना इंधन जळतं, ते वाचतं हे खरं. पण जमिनीत नायट्रोजन जास्त झाला, की शेणखतातूनही नायट्रस ऑक्साइड निघतो. त्याचा परिणाम सुमारे २७० पट! शिवाय एकरी पीक कमी आलं, तर तेवढ्याच अन्नाला जास्त जमीन लागते.

म्हणून आम्ही सुचवतो : मुलांना घेऊन जवळच्या खानावळीत जा. तीन प्रश्न विचारा. भाजी कुठून येते? तिला खत कोणतं, किती? आणि उरलेलं अन्न कुठे जातं? पाटीवर नसतो तो तिसरा प्रश्न. सोनखताच्या काळी पुण्याकडे त्याचं उत्तर होतं.