पूर्णेचे पाणी आणि तापीची खाडी



बुलढाण्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावी खाडीतील मासेमारीचा इतिहास सांगावयास उभे राहणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु आपल्या जिल्ह्यावर पडणाऱ्या पावसाच्या वाटा एकदा डोळ्यांपुढे आणाव्या. खडकपूर्णा आणि पैनगंगा यांत उतरलेले पाणी निरनिराळ्या वळणांनी अखेर गोदावरीस मिळते व पूर्वसमुद्रास जाते. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांचे पाणी घाट उतरून पूर्णेस मिळते. पूर्णा चांगदेवापाशी तापीत शिरते, आणि तापी सुरतेच्या खाली खंबातच्या आखातात जाते. म्हणजे मलकापूरच्या नळगंगेचा आणि सुरतेच्या कोळ्याच्या जाळ्याचा संबंध आहे. तो आपल्या इतिहासाने फारसा नोंदविला नाही, एवढेच.

खाडी म्हणजे केवळ खारे पाणी नव्हे. खारे पाणी आपल्या जिल्ह्यातही आहे. लोणारच्या सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र क्षारयुक्त आहे, पण तेथे खाडीसारखी मासळी पोसली जात नाही. खाडीत मासा पोसला जातो तो गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या भेटीमुळे. नदी वरून गाळ आणि अन्न आणते, समुद्र खालून भरती आणतो, आणि या दोहोंच्या ओढाताणीत कोळंबीची व माशांची पिल्ले वाढतात. ही भेट नेमकी कोठे व्हावयाची, हे वरून किती पाणी येते त्यावर ठरते.

तापीचे बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांतच वाहून जाते. आश्विनानंतर प्रवाह उतरू लागतो आणि फाल्गुन-चैत्रात नदी क्षीण होते. मग खारे पाणी पात्रातून वर चढते. गोड्या पाण्यातला मासा मागे हटून वरच्या डोहांत जातो, आणि बोयीसारखा खारे-गोडे दोन्ही सोसणारा मासा आत येतो. याच सुमारास वसंतसंपात असतो. सूर्य विषुववृत्तावर असताना अमावास्या-पौर्णिमेची भरती वर्षातील मोठ्या भरत्यांपैकी एक असते. होळी पौर्णिमेचे उधाण कोळ्यांना म्हणूनच ठाऊक असते. खुंटांना बांधलेले डोल जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवरच भरते, तेव्हा उधाणाचे दिवस कामाचे, आणि भांगाचे दिवस जाळी सांधण्याचे. नदी मंद आणि समुद्र जोरात, असा हा वसंतातला खाडीचा हिशेब आहे.

हे ज्ञान नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची सागरवाटांची माहिती लिहिली. तीत नर्मदेच्या मुखावरील भडोचचे वर्णन आहे. अमावास्या-पौर्णिमेस भरती वाढते आणि मधल्या दिवसांत ओसरते, भरतीचा लोंढा गर्जना करीत येतो व जहाजे उलटवितो, हे त्याने लिहून ठेवले. राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी आपल्या नावा घेऊन परदेशी जहाजांस सामोरे जात व त्यांना सुखरूप आत आणीत, हेही त्याने नोंदविले. पैठणचा माल याच बंदरास गाड्यांनी जाई. दख्खनच्या व्यापाराची किल्ली अशी काही अंशी कोळ्यांच्या पाण्याच्या जाणतेपणात होती.

पुढे भडोचचे महत्त्व सुरतेकडे गेले. सुरत आपणांस ठाऊक आहे ती शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे. वऱ्हाडचा कापूस बऱ्हाणपूरच्या वाटेने तिकडे उतरे. तापीच्या मुखाशी वाळू साचलेली असल्यामुळे मोठी जहाजे नदीत न येता जवळच्या सुवाळीस नांगर टाकीत. इतिहासकारांनी कापसाच्या गाठी मोजल्या, लुटीचा ऐवज मोजला. पण त्याच खोऱ्यातून खाली जाणारे पाणी कोणी मोजले नाही.

पुढे ते मोजणे आले, आणि स्वातंत्र्यानंतर अडविणेही आले. आधी काकरापारचा बंधारा झाला. १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाले. चांगदेवाच्या संगमाखाली हतनूरचे धरण झाले. १९९५ मध्ये सुरतेतच सिंगणपूरचा बंधारा उभा राहिला. त्याने शहराच्या पिण्याच्या पाण्यात शिरणारी भरती अडविली. यांपैकी कशासही वेडेपणा म्हणता येणार नाही. १९६८ चा महापूर सोसलेल्या सुरतेने धरण नको म्हणावे, अशी अपेक्षा कोण करील? पण खाडी आखूड झाली. बंधाऱ्याच्या वर गोडे तळे, खाली वसंतात जवळजवळ निखळ खारे पाणी. मधली भेटीची जागा उरली नाही. नदीचा रेटा नसल्याने भरतीने आणलेला गाळही तेथेच बसू लागला.

याचा फटका कोणास बसतो हे पाला माशावरून कळते. यालाच बंगाली लोक इलिश म्हणतात. हा समुद्रात राहतो, पण अंडी घालण्यास पुराच्या पाण्यात नदी चढतो. त्याची पिल्ले पुढच्या महिन्यांत वाढत वाढत खाली समुद्राकडे येतात. वर चढण्यास पूर हवा, परतण्यास वाहते पाणी हवे. आपल्या दुसऱ्या पाण्याचीही हीच कथा आहे. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला, आणि तेथे ‘पुलस’ म्हणून नावाजलेल्या याच माशाची वरची वाट तेव्हापासून अडली. माशांच्या वाटेत बंधारे येतात, ही तक्रार फ्रान्सिस डे यांनी १८७३ च्या आपल्या सरकारी अहवालात मांडली होती.

आता आपल्याकडे पाहू. पूर्णाकाठचा भोई उन्हाळ्यात आटत्या डोहांवर मासे धरी आणि उघड्या पडलेल्या वाळूत टरबुजांच्या वाड्या लावी. नदीचे उतरते पाणी हेच त्याचे पंचांग. जळगाव जामोद-संग्रामपूरकडे खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. अशा गावांना नदीचे पाणी अडवू नका, असे कोण सांगणार? नांदुऱ्याकडील जिगावचा प्रकल्प त्याच तहानेतून निघाला आहे.

म्हणून मी धरणांविरुद्ध बोलत नाही. माझे मागणे हिशेबाच्या वहीपुरते आहे. तीत शेताचा रकाना आहे, शहराचा आहे, कारखान्याचा आहे, खाडीचा नाही. ‘पाणी समुद्रात वाया जाते’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. भरतीस सामोरे जाणारे पाणी वाया जात नाही. ते कोणाच्या तरी जाळ्यात अन्न होऊन येते. चैत्रात नळगंगेच्या कोरड्या पात्रावरील पूल ओलांडताना एवढी आठवण आपण ठेवली, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.