मागेल त्याला मेसेज

मेसेज क्यू म्हटलं की काफ्का आठवतं. पण त्याच्या कन्झ्युमरमागची कल्पना बरीच जुनी बरं का! १९६५ साली पीटर लँडिन यांनी 'स्ट्रीम' मांडली: अख्खी यादी आधी करून ठेवायची नाही, पुढचा घटक मागितला की मगच काढायचा. २०११ मध्ये लिंक्डइननं काफ्का ओपन सोर्स केलं. तिथेही कन्झ्युमर स्वतःच मेसेज मागतो. स्कालाच्या एफएस२ लायब्ररीतली स्ट्रीमसुद्धा मागितलं तेवढंच देते, म्हणून दोघांचं छान जमतं.

फक्त ऑफसेटची नोंद काम संपल्यावर करायची. आधी केली आणि प्रोग्राम कोसळला, तर कुणाच्या तरी पगाराचा मेसेज गेलाच! नंतर केली तर तोच मेसेज पुन्हा येऊ शकतो. तेव्हा पगार दोनदा जाणार नाही, हे बघायचं काम शेवटी आपलंच.