धाराऊ, बोंडलं आणि बाटली

पुणे-सातारा रस्त्यावर, भोरचा फाटा फुटतो तिथलं गाव म्हणजे कापूरहोळ. इतिहासाच्या तासाला ते एकाच संदर्भात भेटतं. १४ मे १६५७ रोजी जवळच्या पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून कापूरहोळच्या गाडे घराण्यातल्या धाराऊंना बोलावून घेतलं, असं परंपरा सांगते. सप्टेंबर १६५९ मध्ये सईबाई राजगडावर वारल्या. धाराऊ इतिहासात राहिल्या त्या राजांची दूधआई म्हणून.

वर्गात ही गोष्ट ममतेची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण एखादा विद्यार्थी विचारील, राजाच्या घरी गाई-म्हशींच्या दुधाला काय तोटा? मग दूधआईच का? प्रश्न चांगला आहे. चरक-सुश्रुतांनीसुद्धा धात्री कशी निवडावी हे बारकाईनं सांगितलं आहे. शेळीचं किंवा गाईचं दूध हा नंतरचा पर्याय. गाईच्या दुधातली जास्तीची प्रथिनं आणि क्षार तान्ह्या मुलाला जड जातात, आणि भांड्यात काढलेलं दूध लवकर नासतं. ही कारणं आपल्याला माहीत असतात. तिसऱ्याकडे सहसा लक्ष जात नाही: दूध किती वेगानं येतं, आणि तो वेग कोण ठरवतं?

अंगावर पिणारं बाळ आधी भराभर चोखतं. पान्हा फुटला की चोखणं संथ आणि खोल होतं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांची लय त्याला जुळवावी लागते, कारण गिळताना श्वास क्षणभर थांबतो. दमलं की ते थांबतं, आणि ते थांबलं की दूधही जवळपास थांबतं. धाराऊंच्या मांडीवरच्या बाळालाही ही मुभा होती.

दूधआई न मिळालेल्या घरांत बोंडलं असे. चोचीचं हे लहानसं भांडं बाळाच्या ओठांशी धरून दूध पाजायचं. इथे वेग पाजणारीच्या मनगटात आला. घोट गिळेपर्यंत चोच उचलून धरणारी आजी असली तर ठीक. घाईत भांडं कललं की ठसका.

मग रबर आलं. १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅटनं रबरी निपलचं पेटंट घेतलं. पुढे इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीच्या बाटल्या खपू लागल्या. बाटली शेजारी ठेवायची, नळी तोंडात द्यायची, बाळ एकटंच पितं! या सोयीची किंमत भयंकर होती. नळी आतून स्वच्छ होत नसे, जंतू वाढत आणि मुलं दगावत. त्या बाटल्यांना लोक ‘खुनी बाटल्या’ म्हणू लागले. फ्रान्सनं १९१० मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. आमच्या मते नळीइतकाच घातक होता तो ‘एकटंच’ हा शब्द. बाळ दमलं हे पाहणारं माणूसच तिथून उठून गेलं होतं.

भारतात १९९२ च्या कायद्यानं दूधभुकटी आणि बाटल्यांच्या जाहिरातींना बंदी केली. त्याआधीच, १९८९ मध्ये, मुंबईच्या शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. मातांनी दिलेलं दूध पाश्चरीकरण करून तिथे अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिलं जातं. दूधआया पुष्कळ झाल्या, फक्त त्यांची नावं बाळाला कळत नाहीत. मात्र साधारण ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं, श्वास ही लय नीट साधत नाही. त्याला आधी नळीनं, मग वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, घोटाघोटानं पाजावं लागतं.

बाटलीशिवाय इलाजच नसेल तेव्हा काय करावं, हे एक बाटली घेऊन वर्गात दाखवता येईल. बुचाला बारीक भोक पाडा. पाणी भरून बाटली उलटी धरा: न चोखताही थेंब पडतात. आडवी धरा: थेंब मंदावतात. म्हणून बाळाला आडवं न निजवता जवळजवळ बसतं धरायचं, बाटली आडवी ठेवायची आणि मधूनमधून खाली करायची. कपाळाला आठ्या पडल्या, बोटं ताठली, ओठांच्या कडेनं दूध ओघळलं, की वेग जास्त झाला. मान फिरवली की पुरे. बाटलीत उरलेलं दूध संपवायचा आग्रह नको.