गिरणीतला सोमवार

गिरणी कामगारांचा इतिहास म्हटलं की आपण थेट १८ जानेवारी १९८२ ला पोचतो. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगार, मग चाळींच्या डोक्यावर उभे राहिलेले टॉवर. पण या माणसांच्या छातीचाही एक इतिहास आहे. तो फारसा कुणी सांगत नाही.

ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात कापूस पिंजला जायचा. त्याची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की बिसिनोसिस होतो. सुरुवातीची खूण मोठी चमत्कारिक असते. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत बरं वाटतं. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या तपासणाऱ्या डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात या सोमवारच्या त्रासावरूनच आजाराच्या पायऱ्या ठरवल्या.

आता बघा, दर सोमवारी "दम लागतोय" म्हणणाऱ्याला लोक काय समजणार? कामचुकार, नाहीतर रविवारची न उतरलेला! त्यात या आजाराची खास अशी खूण एक्स-रेत दिसत नाही. म्हणजे खरं बोलूनही खोटं ठरायची पाळी.

गावी परतलेले असे कामगार मला बातम्यांच्या निमित्ताने भेटत आलेत. कुणी रात्र बसून काढतो, आडवं झालं तर श्वास अडकेल म्हणून. कुणी लग्नकार्याला जात नाही, चार पायऱ्यांत थांबावं लागतं याची लाज वाटते. "घरात बसून खातो" ही बोच तर सगळ्यांनाच. दम लागला की भीती वाटते, भीतीने श्वास जोरात होतो आणि दम आणखी वाढतो. हे चक्र नुसत्या पंपाने तुटत नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बिसिनोसिस होता, सिलिकोसिसही होता. पण कायमच्या अपंगत्वाचा हिशोब कमाईची ताकद किती टक्के गेली यावर व्हायचा. गेलेल्या झोपेला आणि गेलेल्या मानाला टक्के लावायची सोय त्यात नव्हती.

गिरण्या गेल्या, धूळ गेली नाही. आज ती दगडखाणीत आणि क्रशरवर आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क केलाय. श्वासाचे व्यायाम आणि समुपदेशन एकत्र दिलं तर दमही हलका होतो, मनही. मग छातीच्या दवाखान्यात "खोकला किती?" याच्या जोडीला "झोप लागते का? जीव नकोसा होतो का?" एवढं विचारायला काय हरकत आहे?

तुमच्या घरात असा कुणी असेल, तर आज तुम्हीच विचारा.