बोनसची परतवसुली

नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाला आधी दिलेला बोनस मालकाने परत मागणे किंवा त्याच्या अखेरच्या हिशेबातून कापून घेणे. मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे येथील एमआयडीसी, उर्से व टाकव्याकडचे कारखाने, लोणावळ्याची हॉटेले आणि फुलांची पॉलिहाउसे असा मिश्र रोजगार आहे. त्यामुळे बोनसचे जवळजवळ सगळे प्रकार एकाच तालुक्यात पाहायला मिळतात. कायद्याचे उत्तर मात्र प्रत्येक प्रकाराला वेगळे. पैसा झालेल्या कामाबद्दल दिला असेल तर राजीनाम्यामुळे तो परत जात नाही. पुढे अमुक काळ थांबण्याच्या कबुलीवर दिला असेल तर मागता येतो, पण मालक म्हणेल तेवढा आणि म्हणेल तसा नव्हे.

वैधानिक बोनस पहिल्या प्रकारात मोडतो. तो मुळात असा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईच्या गिरणीमालकांनी बोनस द्यायला सुरुवात केली आणि १९२३ मध्ये तो बंद केला. १९२४ च्या आरंभी गिरण्यांत मोठा संप झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने कामगारांचा बोनसवर वसूल करता येईल असा हक्क नाही, असा निर्वाळा दिला. बोनस म्हणजे मालकाची मर्जी, हा त्याचा अर्थ. १९५० मध्ये मुंबईच्याच गिरण्यांच्या वादात श्रम अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून बोनस काढण्याचे सूत्र ठरवले, मेहेर यांच्या अध्यक्षतेखालील बोनस आयोग १९६१ मध्ये नेमला गेला आणि १९६५ मध्ये बोनस प्रदान अधिनियम आला. तेव्हापासून बोनस हा हक्क झाला; किमान दर आधी ४ टक्के होता, तो पुढे ८.३३ झाला, कमाल २० टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली. टक्केवारी तीच राहिली.

पात्रतेसाठी हिशेबी वर्षात ३० दिवस काम पुरते, मात्र आस्थापनेत किमान २० माणसे हवीत आणि पगार सरकारने ठरवलेल्या मर्यादेत हवा (१९६५ च्या कायद्याखाली शेवटची मर्यादा दरमहा २१,००० रुपये होती). म्हणजे लोणावळ्याच्या मोठ्या हॉटेलात पावसाळ्याचे दोन महिने राबून गेलेला वेटरही त्या दिवसांपुरत्या बोनसचा धनी ठरतो, जरी तो मागायला सहसा कोणी परत येत नसले तरी. आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून लागलेली मुले मात्र या तरतुदीच्या बाहेर आहेत. बोनसचा हक्क जातो तो अफरातफर, चोरी, आवारातील दंगा किंवा घातपात अशा कारणांनी बडतर्फी झाली तर. संहितेने लैंगिक छळाबद्दलच्या शिक्षेची त्यात भर घातली. या यादीत राजीनामा नाही. वर्ष ३१ मार्चला संपते आणि त्यानंतर आठ महिन्यांत बोनस द्यायचा असतो, म्हणून तो दिवाळीच्या तोंडावर पडतो. पण तो मागच्या वर्षाच्या कामाचा असतो. डिसेंबरात सोडून जाणाऱ्याकडे तो परत मागणे हे कमावलेला पगार परत मागण्यासारखेच. एखाद्या मालकाने चालू वर्षाची उचल म्हणून दिवाळीत पैसे दिले असतील, तर त्या वर्षाच्या देय बोनसमध्ये ती रक्कम वळती करता येते.

दुसरा प्रकार कराराचा : रुजू होताना मिळणारा जॉइनिंग बोनस आणि टिकून राहावे म्हणून दिलेला रिटेन्शन बोनस. नेमणूकपत्रात वर्ष-दोन वर्षांच्या आत सोडल्यास पूर्ण रक्कम परत करावी लागेल, असे कलम असते. असे कलम लिहिणे बेकायदा नाही. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधील शिफ्ट सुपरवायझर निरंजन शंकर गोलिकरी यांनी पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात नोकरी धरली, तेव्हा कराराच्या मुदतीपुरते बंधन म्हणजे व्यवसायावर घातलेली बंदी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ठरवले. १४ मे २०२५ रोजी विजया बँकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तीन वर्षांची सेवा अथवा दोन लाख रुपये, हा बॉण्ड वैध मानला. एक फरक लक्षात ठेवायला हवा. तो बॉण्ड होता, बोनस नव्हे. आणि सरकारी बँकेला जाहिरात देऊन खुली भरती करावी लागते, तिला खर्च येतो, हा त्या निकालाचा एक आधार होता. तळेगावच्या खासगी कंपनीने तो निकाल जसाच्या तसा पुढे करणे सैल वाटते.

रकमेवर लगाम घालते ते भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७४. करारात आकडा लिहिला असला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देते, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. दोन वर्षांच्या अटीपैकी बावीस महिने भरलेल्या माणसाकडून पूर्ण रक्कम मागणे या कसोटीवर अवघड जाते; उरलेल्या काळाच्या प्रमाणात मागणारी कलमे जास्त टिकाऊ. म्हणून सह्या करतानाच प्रमाणशीर परतफेड लिहून घ्यावी.

वसुलीचा राजमार्ग दिवाणी दाव्याचा, तोही तीन वर्षांच्या मुदतीत. वडगाव मावळला दिवाणी न्यायालय आहे, पण नेमणूकपत्रात न्यायक्षेत्र मुंबईचे किंवा बंगळुरूचे लिहिलेले असेल तर लढाई तिकडे जाते. प्रत्यक्षात दाव्यापर्यंत जाण्यापेक्षा हिशेब अडवणे कंपनीला सोपे पडते. ‘फुल अँड फायनल’ थांबते, रिलीव्हिंग लेटर मिळत नाही आणि नव्या नोकरीची तारीख जवळ आलेला माणूस पैसे भरून मोकळा होतो. खरा वाद इथे आहे. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते करायचे असते. कपात फक्त कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच चालते आणि एका वेतनकाळात एकूण कपात निम्म्या वेतनापलीकडे जाऊ शकत नाही. उचलीची वसुली हे त्या कारणांपैकी एक. जॉइनिंग बोनसला नेमणूकपत्रात ‘परत करण्याजोगी उचल’ म्हटलेले दिसले तर त्यामागचा हिशेब हाच. बेकायदा कपातीविरुद्ध तीन वर्षांत अर्ज करता येतो आणि दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते.

कराचा भाग फार जणांना उशिरा कळतो. तीन लाखांच्या बोनसवर ३० टक्के आयकर व ४ टक्के उपकर धरला तर ९३,६०० रुपये आधीच कापले जातात आणि हाती २,०६,४०० येतात. कंपनी मागते ते तीन लाख. सोडणे त्याच आर्थिक वर्षात झाले तर पुढच्या महिन्यांच्या करकपातीत तडजोड बसवता येते. वर्ष उलटले की कापलेला कर परत मिळवण्याचे ओझे माणसावर येते. जीएसटीचा प्रश्न मात्र सुटला आहे : नोटीसकाळाच्या किंवा बॉण्डच्या वसुलीवर हा कर लागत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले.